कर्ण्याचं मशीन आणि गिटार

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून हरिनाम सप्ताह आहेत. पुढे सप्ताहाला कर्णा आला आणि कर्ण्यामागे व्हॉल्व्हचं मशीन. बहुतेक अहुजाचं, क्वचित फिलिप्सचं. त्याच्याकडून अपेक्षा एकच असे: बुवा टिपेला गेले तरी आवाज फाटता कामा नये. आज तेच मशीन माझ्या टेबलावर येतं ते गिटारसाठी, बरोबर उलटी मागणी घेऊन. दिवसा चाकणच्या कारखान्यात रोबोट सांभाळणारा एखादा पोरगा ते मोटारसायकलवर बांधून आणतो आणि म्हणतो, "काका, हे फाटायला पाहिजे. पण एकदम नाही. हात हलका असला की साफ, जोरात छेडलं की फाटेल, असं करा."

मशीन मिळतं कुठून? चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती तोवर तिथे नशीब काढता येई. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने ती पाडली. आता पुण्याचा जुना बाजार, बुधवारी किंवा रविवारी, नाहीतर एखाद्या मांडववाल्याचा माळा.

पोरांचा पहिला आग्रह असतो, "आणखी एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह टाका." मी टाकत नाही. माइकचं इनपुट मुळात काही मिलिव्होल्टसाठी बनवलेलं असतं आणि गिटारचा पिकअप शंभर मिलिव्होल्ट सहज देतो. म्हणजे वाढ हवी तितकी आधीच आहे. मशीन साफ वाजतं ते जोर कमी पडतो म्हणून नाही, त्याला लगाम घातलेला असतो म्हणून. तो कुठे कुठे घातलाय ते शोधायचं आणि एकेका ठिकाणी सैल करत जायचं.

पण त्याआधी जीव सांभाळा. आउटपुटच्या ईएल३४ व्हॉल्व्हच्या जोडीवर चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये बसून राहतात. रेझिस्टन्स लावून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट मेनवर लावायचं नाही. जुने इलेक्ट्रोलिटिक बदला, अर्थिंगची तीन पिनांची वायर घाला आणि पहिल्यांदा सिरीज बोर्डवर शंभर वॉटच्या बल्बमधून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

सगळ्यांत मोठा लगाम म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. स्पीकरच्या बाजूने एक वायर निघते आणि एका रेझिस्टन्समधून मागच्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला जाते. बाहेर पडलेल्या आवाजात जी चूक असेल ती तिथल्या तिथे वजा होते. कीर्तनाला हे उत्तम. गिटारचा मात्र ते घात करतं, कारण ताकद संपेपर्यंत मशीन सगळं झाकून ठेवतं आणि संपली की भिंतीवर आपटल्यासारखं फाटतं. हा रेझिस्टन्स मी काढून टाकत नाही. त्याच्या सिरीजमध्ये शंभर किलोओहमचा पॉट घालतो आणि ग्रामोफोनच्या इनपुटच्या भोकात बसवतो, कारण आता ग्रामोफोन कोणी लावत नाही. पत्र्याला ड्रिल लावायचं नाही हा माझा हट्ट आहे. पॉट हळूहळू फिरवत गेलं की आवाजाला आधी खरखरीत कड येते, मग फाटणं येतं, आणि हा सगळा प्रवास बोटांच्या जोरावर ठरतो.

दुसरा लगाम पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर. तिथे दीड किलोओहमचा रेझिस्टन्स उघडा असेल, तर व्हॉल्व्ह तीसेकपटच वाढ देतो. त्याला बावीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला की तीच वाढ साठपट होते. मी ०.६८चा जोडतो. त्याने खालचा खर्ज तसाच राहतो, वरचा भाग तेवढा उचलला जातो.

आणि खर्ज कमी करणं हेच निम्मं काम आहे, असं मी म्हणेन. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते. त्याखालचं काहीही फाटण्याच्या पायरीपर्यंत पोचू देऊ नये. दोन व्हॉल्व्हमधला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून मी ०.००४७चा लावतो. मोठा कंडेन्सर जोरदार स्ट्रोकला भरून बसतो, पुढचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद पडतो आणि आवाज गुदमरून परत येतो. तो लहान केला की गुदमरणं थांबतं.

हे काही माझं डोकं नाही. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शलच्या दुकानात फेंडर बासमनची नक्कल झाली. सर्किट जवळपास तेच, पण पहिल्या जागी कमी वाढीच्या १२एवाय७ऐवजी ईसीसी८३ आला आणि ट्रान्सफॉर्मर विलायतेत मिळणारे लागले. एवढ्यावर आवाजाचं घराणं बदललं. दोन वर्षांनी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरचा कागदच कापला. तिथवर जायची गरज नाही, स्पीकर महाग आहेत.

स्पीकर बारा इंची, कागदी कोनचा घ्या. कर्ण्याच्या युनिटवर गिटार चालत नाही. स्पीकर आठ ओहमच्या टर्मिनलला जोडा, शंभर व्होल्टच्या लाइनला नाही. आणि स्पीकर न जोडता मशीन वाजवलं, की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळालाच समजा. जळाला तर भोसरीत वाइंडिंगवाले आहेत, पण ते रोज कंट्रोल पॅनलचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात. जुनी कॉइल उलगडताना थर आणि वेढे मोजून लिहून घ्यायला त्यांना सांगावं लागतं. नवा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर चालू करताच मशीन किंचाळलं तर घाबरू नका. फीडबॅक उलटा झालाय. मशीन बंद करून, व्होल्टेज उतरवून दोन प्लेटच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा.

अशा मशीनचे तीस वॉट ऐकायला कमी वाटतात. पण व्हॉल्व्हचं आउटपुट खरं फाटतं ते ताकदीच्या टोकाला, आणि तो आवाज चिंचवडच्या सोसायटीत दुसऱ्या मिनिटाला सेक्रेटरीला दारात आणतो. म्हणून पोरं गुरुवारी भोसरीतल्या एखाद्या ओळखीच्या शेडमध्ये जमतात. साप्ताहिक सुट्टी असते, प्रेस बंद असतात. फक्त एक करा. आजूबाजूचा लोड उतरला की लाइनचं व्होल्टेज चढतं. २२०च्या टॅपवर २४५ आले तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटवर सात जातात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. आधी मीटर लावा, वायर २५०च्या टॅपवर घ्या, जादा फ्यूज खिशात ठेवा. गुरुवारी वाइंडिंगवालाही सुट्टीवरच असतो.