राजाश्रयाच्या वाटेवर

औंधच्या यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना माझा विद्यार्थी सारखा थांबत होता. गोष्ट नसलेले अनुबोधपट काढण्याचे वेड त्याला! (वेड हा शब्द त्याच्या वडिलांचा.) फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघाली आणि २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. आता दार कुणाचे ठोठवावे, हा त्याचा प्रश्न.

डोंगरावरचे संग्रहालय १९३८ सालचे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे. संस्थान चिमुकले, पण राजा स्वतः चित्रकार! तेथे हेन्री मूरचे शिल्प पाहून पोरगा चाटच पडला. आटपाडीजवळचा स्वतंत्रपूरचा खुला तुरुंगही याच राजाच्या काळातला. त्यावरून गदिमांनी 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली.

"सर, असा राजा हवा!" तो म्हणाला.

मी त्याला सांगलीला नेले. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले नि आश्रय आटला. भावे मंडळी घेऊन परगावी निघाले, तिकीट लावून खेळ करू लागले.

पोरगा बराच वेळ गप्प. मग भडंगाचा बकाणा भरता भरता म्हणाला, "सर, तिकीट केवढ्याला होते हो?"