आमच्याकडे आहे काय चोरण्यासारखं?

डिजिटल सुरक्षेवर खर्च करायला लावणारा युक्तिवाद बहुतेक वेळा चुकीच्या टोकाला सुरू होतो. सल्लागार डार्क वेबच्या गोष्टी सांगतो, आणि समोरचा कारखानदार मनात म्हणतो, आमच्याकडे आहे काय चोरण्यासारखं? ही शंका अडाणीपणाची नाही. जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष आधी नीट मांडावा लागे. इथेही तो मांडून निम्मा मान्यच करून टाकावा. चोरण्यासारखं फारसं नसेलही, पण बंद पडण्यासारखं पुष्कळ असतं.

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हा संगणक विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. रोख युक्रेनवर होता, पण तडाखा मर्स्क या जहाज कंपनीलाही बसला, आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेवाचं टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने नुकसानीचा अंदाज 20 ते 30 कोटी डॉलर सांगितला. कोणत्या कर्मचाऱ्याला कुठे लॉगिन करता येईल याची नोंद ठेवणाऱ्या तिच्या सर्व्हरच्या प्रती जगभर पुसल्या गेल्या. घानातली एक तेवढी वाचली, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती. निर्यात करणाऱ्या माणसापुढे ही हकिगत ठेवली की तो स्वतःच विचारतो, आपली प्रत कुठे आहे? बहुधा ती बॅकअपची डिस्क त्याच कॉम्प्युटरला चोवीस तास जोडलेली निघते; म्हणजे टॅलीचा डेटा लॉक होईल तेव्हा प्रतही लॉक होणार. पुढचं पटवायला मग फार बोलावं लागत नाही. दर महिन्याच्या 20 तारखेचं जीएसटी विवरणपत्र डेटाशिवाय कसं भरणार, एवढं विचारलं तरी पुरे.

उदाहरण ऐकणाऱ्याच्या धंद्यातलं हवं. नागरी बँकेच्या संचालकांपुढे मर्स्क नव्हे, पुण्याची कॉसमॉस बँक घ्यावी. ऑगस्ट 2018 मध्ये एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी राहिली, खात्यातली शिल्लक न तपासताच मंजुऱ्या सुटत गेल्या आणि सुमारे 80 कोटी रुपये गेले. मात्र हाच आकडा छोट्या पतसंस्थेत सांगितला तर उलटा परिणाम होतो. एवढी रक्कम आपल्याकडे नाहीच, म्हणून सगळे निर्धास्त होतात.

छोट्या उद्योगाला पटतो तो ईमेलचा प्रकार. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो: बँक खातं बदललं आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यात पाठवावी. बिल हुबेहूब, रक्कमही बरोबर. पत्त्यात फक्त इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसलेले असतात. असे दोन पत्ते कागदावर छापून अकाउंटंटच्या हाती द्यावेत आणि खरा कोणता ते ओळखायला सांगावं. भाषणाची गरज उरत नाही. उपायही फुकटचा आहे: खातं बदलल्याचा निरोप आला की मेलमधल्या नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा.

फुकटचा उपाय आधी सांगणाऱ्याचं पुढचं महागडं म्हणणंही ऐकून घेतलं जातं. एखादा जाच कमी करणाऱ्याचं तर जास्तच. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती कितीतरी कचेऱ्यांत अजून चालते. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही 2017 मध्ये ही सक्ती नको असं सुचवलं. ती काढून टाकून त्याऐवजी लांब पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी मागितली, तर सौदा पटकन जमतो. शंभर टक्के सुरक्षिततेची जाहिरात करणारा विक्रेता मात्र पहिल्या घटनेलाच तोंडघशी पडतो. आपला उपाय काय अडवणार नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलेलं बरं.

कायद्याचा धाक शेवटी ठेवावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने बहुतेक ठिकाणी फाईल तयार होते, बंदोबस्त होत नाही. म्हणून बैठक उठण्याआधी ठराव लिहून घ्यावा: बॅकअप घेऊन डिस्क कोण काढून ठेवणार, ती महिन्यातून एकदा उघडून कोण पाहणार, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण.