वाईचं देणं

माण तालुक्यातल्या कोरड्या गावातून मी शिकायला वाईला आले. मधल्या आळीत एका आजींच्या माडीवर खोली मिळाली. आईनं भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी शिकू दे पोरीला." पुढं त्यांनी भाडं कधी मागितलं नाही. माघात कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव सुरू झाले, एकेका घाटाची पाळी येऊ लागली, तेव्हा प्रसादाच्या पंगतीत त्यांनी मला शेजारी बसवलं. कुणीतरी माझं आडनाव विचारलं. "आमची आहे," एवढंच त्यांचं उत्तर.

परक्याला आपलं म्हणण्याची या गावाची रीत जुनी आहे. कोकणातल्या गागोद्याचे विनोबा 1917 साली इथंच नारायणशास्त्री मराठ्यांकडे, त्यांच्या प्राज्ञपाठशाळेत, शिकायला राहिले. खानदेशातल्या पिंपळनेरचा एक मुलगा त्याच प्राज्ञपाठशाळेत आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या बाजूनं शास्त्राधार घेऊन उभे राहिले ते हेच शास्त्री. घाटांवर सोवळं सुकत असलेल्या गावातून ही विद्या निघाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

लक्ष्मणशास्त्रींच्याच हातून इथं मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड 1976 चा. विश्वकोशात काम केलेले एक वृद्ध गृहस्थ आळीत राहत. त्यांची नजर अधू झाली होती. संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवायची. सनावर आले की थांबवत. "कुठून घेतलं? दुसऱ्या पुस्तकात बघ." कंटाळा यायचा, पण मी उठून बघायची. आज माझ्या लिहिण्यात जी काही शिस्त आहे ती त्या संध्याकाळींची. त्या शिकवणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट दिवाळीला मला जुना शब्दकोश दिला.

वाईचं शहाणपण दगडातही दिसतं; नदीकाठच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नक्की पाहा. सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं, तेव्हा पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती भिंत माशासारखी निमुळती केली. देवाइतकीच नदीचीही जाण ठेवणारे ते लोक.

आजी गेल्या, ते गृहस्थही गेले. त्यांचं देणं त्यांना परत करता येणार नाही. म्हणून निदान त्यांच्या गावाची ओळख तुम्हाला करून देते: पाचगणी-महाबळेश्वरला जाताना गणपतीला हात जोडून लगेच गाडीत बसू नका. एक दिवस वाईत राहा, घाट चाला, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघा. आणि नदीत काही टाकू नका.