एक गिगाहर्ट्झ कशाला पुरतो?

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकने ‘ध्रुव६४’ हा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर जाहीर केला. ६४ बिट, दोन गाभे, वेग १ गिगाहर्ट्झ. अशी बातमी आली की पहिली शंका ठरलेली असते: खिशातला साधा मोबाइलही याहून वेगवान असताना या आकड्याचे कौतुक ते काय? शंका रास्त आहे, पण प्रश्न अर्धाच विचारलेला आहे. वेग पुरतो की नाही, हे तो कशासाठी हवा यावर ठरते. हे स्वतः मोजून पाहायचे असेल, तर जुन्या व्हिडिओ गेमइतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

समजा, जबलपूर जिल्ह्यातील मझौली या तहसिलीच्या गावी, विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिराच्या सावलीत वाढलेली, भौतिकशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी आहे. वडिलांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळलेला ‘काँट्रा’ तिला त्यांच्यासोबत पुन्हा खेळायचा आहे. त्या काळी भारतीय घरांत आलेली ‘लिटल मास्टर’सारखी यंत्रे म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ मधील फॅमिकॉमच्या नकला. ते यंत्र केव्हाच बंद पडले. हाती पैसे थोडे आहेत आणि त्याच पैशांतून पुस्तकेही घ्यायची आहेत. चुकीची वस्तू आली तर वर्षभर दुसरी येणार नाही. तिने काय घ्यावे?

आधी गणित करावे. इम्युलेटर हा दुभाष्यासारखा असतो. जुन्या यंत्राची प्रत्येक आज्ञा तो वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि नव्या यंत्राच्या भाषेत ती पार पाडतो. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवर चाले. एका आज्ञेला साधारण तीन-चार ठोके धरले, तर सेकंदाला सुमारे पाच लाख आज्ञा होतात. प्रत्येकीच्या भाषांतराला नव्या यंत्राच्या तीसेक आज्ञा लागतात असे मानले, तर दीड कोटी. चित्राचे काम याहून मोठे आहे. २५६ गुणिले २४० म्हणजे ६१,४४० ठिपके, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे ३७ लाख ठिपके. प्रत्येकाला पुन्हा तीसेक आज्ञा धरल्या, तर अकरा कोटी. आवाज आणि इतर किरकोळ कामे मिळवूनही बेरीज पंधरा कोटींच्या आसपास राहते. १ गिगाहर्ट्झचा एक गाभा सेकंदाला १०० कोटी ठोके देतो. अंदाज ढोबळ आहे, पण दुपटीने चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही.

प्रत्यक्ष अनुभवही हेच सांगतो. २०२१ मध्ये ४ डॉलरना आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवर १३३ मेगाहर्ट्झचे दोन गाभे आणि २६४ किलोबाइट स्मृती एवढेच आहे. त्याचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेऊन हौशी अभियंत्यांनी त्यावर फॅमिकॉमचे खेळ चालवले आहेत. त्याच वर्षी १५ डॉलरना आलेल्या पाय झीरो २ डब्ल्यूमध्ये १ गिगाहर्ट्झचे चार गाभे आहेत. त्यावर १९९४ च्या प्लेस्टेशनचे बरेच खेळही चालतात. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ पाशी मात्र त्याला धाप लागते.

मग २०११ मध्ये ‘बीस्नेस’ या इम्युलेटरच्या निर्मात्याने १९९० च्या सुपर फॅमिकॉमसाठी तब्बल ३ गिगाहर्ट्झची गरज का सांगितली? त्या यंत्राचा प्रोसेसर तर ३.५८ मेगाहर्ट्झचाच होता. उत्तर अचूकतेत आहे. मूळ यंत्रातल्या अनेक चिप एकाच वेळी चालत. अनुकरणात त्यांचा मेळ प्रत्येक ठोक्याला घालायचा की चित्राची एक आडवी ओळ पुरी झाल्यावर, यावर खर्च ठरतो. ओळ संपेपर्यंत थांबले तरी बहुतेक खेळ बिनतक्रार चालतात. पण ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’मध्ये विमानाची सावली ओळीच्या मध्यावरच रेखाटलेली असते. अशा काटकसरीत ती नाहीशी होते. प्रयोगशाळेतील सदृशीकरणातही हाच व्यवहार असतो: काळाची पायरी मोठी घेतली की उत्तर लवकर येते आणि एखादी बारीक घटना पायरीच्या पोटात हरवते. किंमत नकलेला नसते, निष्ठेला असते.

प्रोसेसरबाहेरच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. ६० चित्रांच्या हिशेबात एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्र सजवण्यात नव्या टीव्हीने त्याच्या काही पट वेळ घेतला, तर उडी चुकते आणि दोष बिचाऱ्या फलकावर येतो. टीव्हीतला ‘गेम मोड’ यासाठीच असतो. फलकाच्या किमतीत मेमरी कार्ड, केबल, कंट्रोलर आणि ५ व्होल्टचा भरवशाचा अडॅप्टर धरलेला नसतो. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर कार्डावरील माहिती बिघडू शकते. स्वस्त हातगेमसोबत हजारो खेळ भरलेले कार्ड येते. त्यातल्या बहुतेक खेळांना हक्कधारकांची परवानगी नसते, हेही खरेदीआधी ठाऊक असावे.

म्हणून क्रम असा असावा: आधी खेळ ठरवावा, मग हवी तेवढी अचूकता, मग पडदा आणि शेवटी फलक. ‘काँट्रा’च हवा असेल, तर घरातला जुना लॅपटॉप किंवा मोबाइल पुरेसा आहे आणि सर्वांत स्वस्त खरेदी म्हणजे एक कंट्रोलर. वाचलेल्या पैशांत पुस्तके येतात.

तिला खेळण्याहून घडवण्याची ओढ असेल, तर सी-डॅकच्या ‘एरीज’ फलकांवरील तेजस३२ ही चिप आहे: १०० मेगाहर्ट्झ, २५६ किलोबाइट. पिकोच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवावेत आणि विचारावे, एवढ्यात फॅमिकॉम बसवायचा तर काय गाळावे लागेल? निम्मी चित्रे? आवाज? तो प्रश्न सोडवताना संगणकाची रचना जितकी कळेल, तितकी तयार यंत्र विकत घेऊन कळणार नाही. ‘ध्रुव६४’चे मोलही त्याच मापाने जोखावे. १ गिगाहर्ट्झ थोडा की फार, हे तो काय करणार आहे ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही.