कॅमेरा, पक्षी आणि उतारवय : नांदूर मध्यमेश्वरच्या काठावरून

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, ब्रिटिश अमदानीत एक बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला, पाणी उथळ झाले, लहान बेटे तयार झाली आणि पाणवनस्पती माजल्या. सिंचनाच्या दृष्टीने जी अडचण, तीच पक्ष्यांना वरदान ठरली. १९८६ मध्ये हे नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हा मान त्याला मिळाला.

थंडीत चापडगावच्या बाजूने पाण्याकडे पाहिले, तर तलवार बदके, थापट्या आणि मध्य आशियातून, लडाखकडून आलेले चक्रवाक दिसतात. हळदी-कुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक आणि वारकरी यांचीही वर्दळ असते. नाशिकहून मोटारीने दीडेक तासात येथे पोहोचता येते. वाचकहो, आपले वय साठीच्या, सत्तरीच्या पुढे असले, तरी ही वाट आपल्यासाठी बंद नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आरामाचे ओझे

निवृत्तीनंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर घरातले वडीलधारे माणूस हळूहळू एका खोलीपुरते उरते. "बाबा, तुम्ही आता आराम करा," हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. परंतु न वापरलेले स्नायू लवकर क्षीण होतात आणि तोल सांभाळण्याची सवय मोडते. मग पडण्याची भीती वाटते, भीतीमुळे चालणे आणखी घटते आणि त्यामुळेच पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र मी दवाखान्यात रोज पाहतो. "रोज चालत जा" असे सांगणे सोपे आहे. चालण्याला कारण देणे अवघड. पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद ते कारण देतो. त्याने विस्मरणाचा विकार टळतो, असा दावा मी करणार नाही. मात्र सकाळी उठावेसे वाटणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आरंभ खिडकीतून

पहिले धडे घरीच गिरवावेत. गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. चिमणी, बुलबुल, दयाळ, साळुंकी हळूहळू येऊ लागतील. जास्वंदीवर शिंजीर उतरेल. चिमण्यांकडे जगाचे लक्ष वेधणारा २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो, तो नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने, हे नाशिककरांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. कबुतरांना मात्र दाणे घालू नका. त्यांच्या विष्ठेचा व पिसांचा धुरळा वारंवार श्वासावाटे गेल्यास काहींच्या फुप्फुसांना चिवट सूज येते. दमेकऱ्यांनी तर विशेष जपावे.

हा छंद आपली तपासणीही करतो. शिंजीरची बारीक चिवचिव नातवाला ऐकू येते आणि आपल्याला येत नाही, असे झाल्यास कान तपासून घ्या. वयानुसार उंच पट्टीचे स्वर प्रथम हरवतात. पाण्यावरची चकाकी असह्य होऊ लागली किंवा शुभ्र बगळा पिवळसर दिसू लागला, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी.

साधने आणि शरीर

मोठ्या दूरपल्ल्याच्या भिंगाचे वजन दोन किलोंच्या घरात जाते. ते खांद्याला व मानेला पेलत नाही. भिंग न बदलता दूरचे जवळ आणणारा हलका कॅमेरा पुरेसा आहे. हात थरथरत असल्यास गहू किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. उडता पक्षी टिपताना शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवा. मान वर करून फार वेळ झाडाकडे पाहू नका; भोवळ येऊ शकते. एक नियम कधीही मोडू नये : चालताना कॅमेरा गळ्यात, आणि कॅमेरा डोळ्याला लावलेला असताना पाय जागच्या जागी.

सहलीचा दिवस

हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून हृदयरोग वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी पहाटेचा हट्ट धरू नये. ऊन वर आल्यावर जावे, किंवा दुपारी साडेतीननंतर. मावळतीचा तिरपा प्रकाशही छायाचित्रांना अनुकूल असतो. कानटोपी, मफलर, न घसरणारे बूट आणि काठी घ्यावी. मधुमेहींनी न्याहारी चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी. जिभेखाली ठेवण्याची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी ती कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवावी. स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी पिणे टाळू नका. लघवी वाढवणारी गोळी घेत असाल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या चढवत नसतील, तर चढू नका. काठावर घडीची खुर्ची टाकून बसा. जो स्थिर बसतो, त्याच्याजवळ पक्षी आपणहून येतात. येथे वयाचा संथपणा गुणच ठरतो. घरट्याजवळ जाऊ नये, थव्याला उडवण्यासाठी टाळ्या वाजवू नयेत, पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत.

सांभाळ करणाऱ्यांसाठी

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या मुलांना, सुनांना एवढेच सांगेन : त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेऊन "मी काढून देते" असे म्हणू नका. उंचसखल बांधावर कोपराला आधार द्या, बसायची जागा शोधून द्या, मग दोन पावले मागे राहा. दहापैकी नऊ छायाचित्रे धूसर येतील, येऊ द्या. घरी परतल्यावर उरलेल्या एकाखाली पक्ष्याचे नाव, तारीख आणि ठिकाण त्यांच्याच हाताने वहीत लिहू द्या. आपण त्यांच्या पडण्याला भितो, ते रास्तच आहे. पण त्या भीतीपोटी त्यांचे जग खोलीएवढे होऊ नये. येत्या रविवारी गॅलरीत पाण्याचे भांडे ठेवा. गुडघे आणि रक्तदाब ठीक असतील, तर थंडी संपण्यापूर्वी नांदूर मध्यमेश्वरला एक फेरी अवश्य करा.