बैठ्या कामाची पेटी

माणदेशातील गावसुताराकडे हत्यारे भरपूर असत, पेटी मात्र क्वचितच असे, आणि त्यामागे गरिबीपेक्षा कामाची रचना अधिक होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 सालच्या ‘गावगाडा’त वर्णिलेल्या बलुतेदारीत, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्याचा ठरीव वाटा देण्याच्या पद्धतीत, सुतार पहिल्या ओळीचा मानकरी होता; नांगर, कुळव, पाभर अशी औते आणि गाडीची मोडकी चाके घेऊन शेतकरी त्याच्या मेटावर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या जागी, येत असत. दिवस मावळला की तासण्याचा वाकस, भोक पाडण्याचे किंकरे, रुंद पात्याची पटाशी आणि करवत ही सारी हत्यारे तिथल्याच देवळीत ठेवली जात किंवा छपराच्या वाशांत खोचली जात. ज्याचे काम त्याच्या दारी चालत येते, त्याला हत्यारे उचलून नेण्याची सोय करण्याचे कारणच पडत नाही.

ही रचना कशी मोडली, हे आटपाडीच्या बाबतीत बरेच स्पष्ट सांगता येते. माणदेशातील आटपाडी हा तेव्हाच्या औंध संस्थानाचा तालुका, आणि याच संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली; तिथल्या लोखंडी नांगराने लाकडी नांगराची गरज हळूहळू कमी केली, आणि पुढे रबरी टायरच्या गाड्यांनी व ट्रॅक्टरने चाकांचे कामही नेले. सुतार दारे-खिडक्या, कपाटे आणि स्लॅबखालच्या फळ्या यांच्याकडे वळला, आणि हे काम मेटावर येण्यासारखे नसल्याने त्यालाच कामामागे जावे लागले. धंद्यासाठी परमुलखात जाणे या भागाला नवे नाही, कारण खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे कारागीर, देशभरच्या सराफ पेठांत पसरलेले आहेत. सुताराने मात्र पेटीऐवजी पोते पत्करले. पोते स्वस्त असते, सायकलच्या कॅरिअरला बांधता येते आणि रिकामे झाले की खाली अंथरून बसताही येते. पण त्यात करवतीचे दाते पटाशीच्या धारेवर घासत राहतात, आणि रोज सकाळी हत्यारे पाजळण्यात जो वेळ जातो त्याचा मोठा भाग लाकडाच्या नव्हे, पोत्याच्या खात्यावर टाकायला हवा.

घरी पेटी बनवू पाहणारा बहुधा चित्रातली पेटी समोर ठेवतो, आणि ती चित्रे युरोपातली असतात: कमरेला लागणारी, दोन फूट उंच, आत एकावर एक सरकते कप्पे असलेली. ती पेटी उभ्याने काम करणाऱ्या, लाकूड बाकाला आवळून धरणाऱ्या सुतारासाठी घडली आहे. आपल्याकडचा सुतार मांडी घालून किंवा उकिडवा बसतो, लाकूड पायाच्या बोटांनी आणि टाचेने दाबून धरतो आणि हत्यारासाठी न उठता बाजूला हात टाकतो. त्याच्यासमोर दोन फूट उंचीची पेटी ठेवली तर तिचा तळ त्याला दिसणारच नाही. म्हणून बैठ्या कामाच्या पेटीची उंची दीड फुटाच्या आत राहायला हवी, आणि कमी केलेली उंची लांबीत भरून काढायला हवी. लांबी ठरवते ती करवत, कारण मुठीसकट तीच सर्वांत लांब असते. रुंदी ठरवण्याचा चांगला मुहूर्त खंडेनवमीचा आहे. नवरात्राच्या नवव्या दिवशी हत्यारांची पूजा होते तेव्हा घरातले प्रत्येक हत्यार, कोपऱ्यात गंजत पडलेलेसुद्धा, धुऊन-पुसून एका पाटावर मांडले जाते, आणि वर्षातून एकदाच आपला संसार नेमका केवढा आहे हे कारागिराला एका नजरेत दिसते. त्या मांडणीवरून मापे घेतली की अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी पेटी बहुतेकांना पुरते.

लाकडाचा हिशेब करताना सूत हे माप सोयीचे, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सुती फळी वापरली तर वरील मापाच्या पेटीला घनफुटापेक्षा थोडेच जास्त लाकूड लागते, आणि सागवानात त्याचे वजन 20 किलोच्या आसपास भरते. बाभळीत ते 25 किलोवर जाते. हत्यारे भरल्यावर हा आकडा जवळपास दुप्पट होतो, आणि मग दोन माणसांवाचून पेटी हलत नाही. माणदेशात बाभूळ बांधाबांधावर असली आणि चाकाचा तुंबा, आरे, औतांचे दांडे यांना तिच्यासारखे दुसरे लाकूड नसले, तरी पेटीच्या फळ्यांसाठी ती घेऊ नये. तिचा पोत खरखरीत आणि तंतू अनेकदा पिळलेले असतात, रंधा एका बाजूने सुरळीत चालतो आणि वीतभर पुढे गेल्यावर उचकटून ढलपी काढतो. शिवाय तिच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागाला भुंगा लवकर लागतो, म्हणून जुने सुतार तिचे ओंडके महिनोन्‌महिने विहिरीच्या किंवा डोहाच्या पाण्यात बुडवून ठेवत.

सर्वांत चांगले लाकूड जुन्या घराचे. सांगलीच्या वखारीतून नवे सागवान आणता येते, पण पाडलेल्या वाड्याची दारे, कडीपाट आणि तुळया कित्येक दशके वाळलेल्या असतात आणि जे वळायचे-पिळायचे ते वळून झालेले असते. माळवदी घरातून, म्हणजे ज्याच्या सपाट धाब्यावर मातीचा थर असतो अशा घरातून, निघालेल्या लाकडाची एक खोड मात्र आधी सांगायला हवी: त्याच्या प्रत्येक भेगेत वर्षानुवर्षे झिरपलेली बारीक माती असते, आणि ती रंध्याच्या पात्याला खिळ्याइतकीच घातक ठरते. आधी तारेचा ब्रश तंतूंच्या दिशेने मारावा, मग ओल्या फडक्याने पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि त्यानंतरच लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधावेत. पहिला रंधा फिरला की वरची राखाडी कातडी जाऊन खालचा तपकिरी रंग आणि सागाचा तेलकट वास बाहेर येतो; मात्र त्या वेळी पाते थांबवून त्याच्या धारेवरून बोटाचे नख हलकेच फिरवून पाहावे, आणि ते कुठे अडखळले तर फळी पुन्हा झाडायला घ्यावी.

चार कोपऱ्यांच्या जोडणीवर पेटीचे आयुष्य अवलंबून असते. या जागी डव्हटेल जोड वापरतात. त्यात एका फळीच्या टोकाला बाहेरच्या बाजूस रुंद होत जाणारे पाचरीच्या आकाराचे दाते काढतात आणि दुसऱ्या फळीच्या टोकाला त्यांना जुळणाऱ्या खाचा पाडतात, त्यामुळे फळ्या एका दिशेने कितीही ओढल्या तरी सुटत नाहीत. दाते लांब फळ्यांवर घ्यायचे की आखूड, या प्रश्नाला नीट कारण असलेले उत्तर आहे. पेटीच्या कड्या आखूड बाजूंना असतात आणि उचलताना ओढ बाहेरच्या दिशेला बसते, म्हणून पाचरीचे दाते लांब फळ्यांवर हवेत; ते उलट केले तर उचलण्याचा सारा भार एकट्या सरसावर किंवा फेव्हिकॉलवर पडतो. दात्यांचा उतार सागासारख्या लाकडात आठास एक इतका पुरतो. ज्याला हे जमत नाही त्याने जपानी सुतारांच्या साध्या पेटीकडे पाहावे: तिच्या बाजू सरळ खिळ्यांनी जोडलेल्या असतात आणि झाकणाला बिजागरीही नसते, ते एका टोकाच्या पट्टीखाली सरकवून दुसऱ्या टोकाला पाचर मारून बंद करतात. दाखवण्यासाठी काढलेल्या सैल डव्हटेलपेक्षा ती पेटी कितीतरी प्रामाणिक आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र ऋतूनुसार फुगते आणि आकसते, आणि आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात हे विसरणाऱ्याचे झाकण फाटल्याशिवाय राहत नाही. दीड फूट रुंदीच्या सागवानी झाकणात कोरड्या आणि दमट दिवसांमध्ये एखाद्या सुताचा फरक पडू शकतो. त्याच्या आडव्या पट्ट्या दोन्ही टोकांना घट्ट आवळल्या तर लाकडाला हलायला जागा उरत नाही आणि ते मध्येच उलते. म्हणून पट्टीच्या मधल्या स्क्रूचे भोक गोल आणि कडेच्या स्क्रूंची भोके लांबट ठेवावीत. तळाच्या फळ्यांचेही तेच: त्या पुढून मागे, आखूड अंगाने बसवाव्यात आणि एकीच्या कडेला पताम, म्हणजे पायरीसारखी अर्ध्या जाडीची खाच, काढून दुसरीची कड तिच्यावर चढवावी, म्हणजे आकसल्या तरी फट आरपार पडत नाही आणि एखादी कुजली तर तेवढीच बदलता येते.

पेटीच्या आतल्या रचनेत हौशी माणूस सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि बहुधा तो वाया जातो. इंग्लंडमध्ये रोचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात बेंजामिन सीटन याची पेटी आहे. वडिलांनी 1796 साली लंडनहून हत्यारे घेऊन दिली आणि त्याने 1797 मध्ये त्यांच्यासाठी पेटी व आतले कप्पे पूर्ण केले. अभ्यासकांना ती अनमोल वाटते, कारण आतली हत्यारे जवळपास न वापरलेली राहिली आहेत. याचाच अर्थ ती पेटी हत्यारे विकत कशी घेतली जात हे सांगते, ती कशी झिजत हे सांगत नाही. झिजणाऱ्या हत्याराला नेमक्या मापाचा खण मानवत नाही. पटाशी धार लावता लावता वर्षागणिक आखूड होते, वाकसाचा दांडा मोडून बाभळीचा नवा आणि थोडा जाड बसतो, एखादा रंधा विकला जातो आणि त्या जागी विजेवर चालणारे ड्रिल येते. येरवडा तुरुंगातल्या दिवसांत गांधीजींच्या हाताखाली रूप घेतलेला पेटी चरखा घडी घालून पुस्तकासारखा मिटतो आणि त्यात प्रत्येक भागाला ठरलेली जागा असते, पण ते शोभते, कारण त्यातले भाग वर्षानुवर्षे तेच राहतात. सुताराच्या पेटीत पुढच्या भिंतीला आतून अर्ध्या इंचाची फट सोडून एक पट्टी ठोकावी आणि त्या फटीत पटाश्या, किंकरे, कानशी धार खाली करून उभ्या सोडाव्यात. करवती मागच्या भिंतीला, रंधे तळाला, आणि त्यांच्या वर अर्ध्या रुंदीचा एकच सरकता कप्पा. गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, या कप्प्यात एकटा ठेवावा, कारण तो पडून हलला तर पुढचे सगळे काम वाकडे होते आणि दोष लाकडाला लागतो.

तेलाच्या बाबतीत या भागात एक गल्लत सर्रास होते. करडईचे तेल घराघरात असते आणि लाकडाला चोळायला ते चांगलेच आहे, कारण जवसाच्या तेलाप्रमाणे तेही हवेत हळूहळू सुकून पातळ कवच धरते. नेमक्या याच कारणाने ते लोखंडाला लावू नये, नाहीतर पात्यावर चिकट पिवळा थर बसतो आणि त्यात भुसा रुतून राहतो. लोखंडाला न सुकणारे तेल हवे, आणि खोबरेल त्यासाठी पुरते.

उरला पायांचा प्रश्न, आणि इथे बाभळीला न्याय देता येतो. जमिनीवर ठेवलेल्या पेटीला ओल आणि वाळवी खालूनच गाठतात, म्हणून तळाखाली पुढून मागे दीड इंच जाडीच्या बाभळीच्या दोन दांड्या लावाव्यात, त्याही फक्त गाभ्याच्या, पांढरा भाग तासून टाकलेल्या. बाभळीत खिळा तसाच ठोकला तर वाकतो नाहीतर लाकूड चिरतो, तेव्हा आधी गिरमिटाने भोक पाडून स्क्रू आवळावेत आणि सरस मुळीच लावू नये, कारण या दांड्या झिजण्यासाठीच आहेत आणि काही वर्षांनी त्या काढून नव्या बसवाव्या लागणार आहेत.