कळ सोडल्यावर

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर बडोद्यातील आमच्या माडीवर हौशी रेडिओचा संच अहोरात्र चालू होता. एका दुपारी ४० मीटर पट्ट्यावरील ‘नेट’चे, म्हणजे रेडिओवरील सभेचे, नियंत्रण माझ्याकडे आले. उत्साहाच्या भरात मी एकामागून एक केंद्रांना पुकारीत गेलो. बोलण्याची कळ दाबलेली असताना आपल्याला काहीच ऐकू येत नाही, याचे भान सुटले. अखेर एका ज्येष्ठ सदस्याने टोकले, “जरा थांबा, कच्छमधून कुणी केव्हाचे हाक मारीत आहे.” आवाज क्षीण होता, मागणी औषधांची होती.

तेव्हापासून प्रत्येक संदेशानंतर मी कळ सोडून थांबतो, तातडीचा निरोप प्रथम विचारतो आणि क्षीण आवाजाला आधी बोलू देतो. ते दोन क्षण मला त्या हाकेचे देणे वाटतात.